इंजिन पुढे की मागे

लेलंडशी माझं लग्न ठरलं तेव्हा आई एवढंच म्हणाली होती, "मुलगा चांगला आहे, पण त्याच्या अंगाला डिझेलचा वास येतो." चव्वेचाळीस वर्षांत तो वास काही गेला नाही, आणि तो जावा असं मलाही कधी वाटलं नाही. साउथ डकोटातल्या आमच्या गावात ट्रॅक्टर आणि कापणीयंत्रं विकणारं एक दुकान आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये लेलंडनं एकोणचाळीस वर्षं डिझेल इंजिनं खोलली आणि जोडली. मी एकतीस वर्षं शाळेची बस चालवली. दोघंही एकाच वर्षी मे महिन्यात निवृत्त झालो आणि ठरवून टाकलं की यापुढे हिवाळाभर बर्फ उपसत बसायचं नाही. मोटरहोम घ्यायची. बसएवढी गाडी, आत पलंग, शेगडी, संडास, सगळं. नोव्हेंबर उजाडला की दक्षिणेचा रस्ता धरायचा.

गाडी कुठली घ्यायची, हा प्रश्न गावात कुणाला पडलाच नव्हता. रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या तळघरात कॉफी असते. तिथे ऑर्विलनं विचारलं, "काय लेलंड, डिझेल केवढी लांब घेतोयस?" ऑर्विलच्या कापणीयंत्राला लेलंडनं वीस वर्षं जिवंत ठेवलं होतं.

"पेट्रोल घेतोय," लेलंड म्हणाला.

ऑर्विलनं हातातला केकचा तुकडा खाली ठेवला. "काय म्हणालास?"

"पेट्रोल. ऐकू मला कमी येतं, तुला नाही."

सगळे हसले. त्यांना वाटलं, थट्टा करतोय. मला मात्र त्याचा चेहरा दिसत होता. घरी जाताना मी गाडीत विषय काढला, तर म्हणाला, "पेट्रोल गाडी स्वस्त मिळते. तेल बदलायचा खर्च निम्मा. आपण वर्षाला असे किती मैल जाणार?"

हे सगळं खरं होतं, आणि म्हणूनच मला संशय आला. खरं कारण सांगायचं नसलं की लेलंड दुसरं एखादं खरं कारण सांगतो.

मीही काही धुतल्या तांदळासारखी नव्हते. मला डिझेल हवी होती, आणि का हवी होती ते मीही बोलत नव्हते. माझ्या पहिल्या तीन बसेसची इंजिनं पुढे होती, माझ्या पायाशी. चढ लागला की मुलं मागे गातायत की भांडतायत तेही कळायचं नाही. शेवटची दहा वर्षं मला जी बस मिळाली तिचं इंजिन पार मागे होतं. तिच्यात सहाव्या बाकावरची कुजबुज मला ऐकू यायची, आणि मुलांना ते पक्कं ठाऊक होतं. मोटरहोमचंही तसंच असतं. पेट्रोलचं इंजिन पुढे, दोघांच्या खुर्च्यांच्या मधोमध, झाकणाखाली. मोठ्या डिझेलचं इंजिन मागे, पलंगाखाली. लेलंडच्या दोन्ही कानांत यंत्रं आहेत. शांत खोलीत ती बरी चालतात, पण इंजिनाची घरघर सुरू झाली की त्यांच्यात माणसाचा आवाज आणि यंत्राचा आवाज मिसळून त्याचा लगदा होतो. या विषयावर बोललेलं त्याला खपत नाही. म्हणून मी म्हणायची, "डिझेलला चढावर ताकद असते. उतारावर इंजिनच गाडी धरून ठेवतं." हेही खरंच होतं की.

जुलैमध्ये आम्ही सू फॉल्सला गाड्या बघायला गेलो. विकणारा ब्रेंट नावाचा गोरागोमटा माणूस होता, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेला. लेलंड डिझेलवाला मिस्त्री आहे हे कळल्यावर तो खूष झाला आणि त्याला थेट डिझेलच्या रांगेकडे घेऊन निघाला. लेलंड त्या रांगेच्या कडेकडेनं चालत पुढे पेट्रोलच्या रांगेत जाऊन उभा राहिला. ब्रेंटला काही समजेना. मग तो डिझेलच्या रांगेपाशी उभ्या असलेल्या माझ्याकडे वळला.

"मॅडम, या गाडीचा ओटा बघा. खास दगडी आहे."

"ओटा छान आहे," मी म्हटलं. "उतारावर हिचा इंजिन-ब्रेक किती टप्प्यांत लागतो?"

त्यानं लेलंडकडे बघितलं. लेलंड म्हणाला, "मला काय विचारतोस? मी फक्त दुरुस्त करतो. चालवते ती."

दोन्ही गाड्या मी महामार्गावर फिरवून आणल्या. सपाट रस्त्यावर पेट्रोल गाडीत खरंच काही वाईट नव्हतं, हे मला कबूल करावं लागलं. परतल्यावर आमची दोघांची जुंपली, पण आमच्या पद्धतीनं, म्हणजे दोन दिवस तो शेडमध्ये आणि मी बागेत. तिसऱ्या दिवशी जेवताना मी म्हटलं, "सप्टेंबरात माझ्या भाचीचं लग्न आहे ना वायोमिंगला, डोंगरापलीकडे? त्यासाठी पेट्रोलवाली भाड्यानं घेऊ. आठवडाभर राहू तिच्यात. मग बोलू."

"आणि मला ती आवडली तर?"

"तर तू म्हणशील ती."

त्यानं माझ्याकडे जरा रोखून बघितलं. एवढ्या सहज मी हार मानत नाही, हे त्याला माहीत होतं.

गाडी बत्तीस फुटी होती. पहिले दोन दिवस मजेत गेले. मिझुरी नदी ओलांडली, गवताळ माळ मागे टाकला. वायोमिंगमध्ये शिरल्यावर मात्र इंजिन अडखळायला लागलं. गाडी उचक्या देत चालली. लेलंड झाकणावर हात ठेवून म्हणाला, "एक सिलिंडर गेलाय. ठिणगीची कॉइल जळली असणार." डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, तिथे एकच गॅरेज. डेल्बर्ट नावाचा साठीचा माणूस बाहेर आला. त्यानं आमच्या दोन खुर्च्यांमधलं झाकण उघडलं, मागच्या फळीवरून नवी कॉइल आणली आणि अर्ध्या तासात बसवली. वर लेलंडशी माशांबद्दल गप्पाही मारल्या.

लेलंडचा चेहरा असा फुलला होता, की जणू कॉइल त्यानंच जाळून दाखवली होती.

"बघितलंस? कुठल्याही गावात, कुठलाही डेल्बर्ट. मोठं डिझेल असतं तर ट्रकवाल्यांच्या वर्कशॉपपर्यंत ओढत न्यावं लागलं असतं. मग भाग येईपर्यंत चार दिवस त्यांच्या आवारात मुक्काम."

"बघितलं," मी म्हटलं. नाही म्हणण्यासारखं त्यात काही नव्हतं.

मग घाट सुरू झाला. पावडर रिव्हर खिंडीपर्यंत रस्ता चढत चढत जातो. मी पंचवीस मैलांच्या वेगानं चालले होते आणि इंजिन आमच्या गुडघ्यांशी बोंबलत होतं. एका वळणावर डाव्या हाताला, ओढ्यात, घोड्याएवढ्या मूस हरणाची मादी आणि तिचं पिल्लू उभं होतं. पाणी त्यांच्या पोटापर्यंत.

"लेलंड, मूस!" मी ओरडले.

"काय?"

"मूस! पिल्लू आहे!"

"काय फुटलं?" तो दचकून ताठ बसला. "कुठे? थांबव! बाजूला घे आधी!"

मी बाजूला घेतली. तो उतरून गाडीखाली वाकून बघायला लागला. आत बोललेलं एक अक्षर त्याला कळलं नव्हतं. मी खाली उतरून त्याला सांगेपर्यंत मूस झाडीत गेली होती. "एवढंच ना," असं म्हणून तो परत चढून बसला. पण त्याला बघायचं होतं, हे मला समजलं. लहानपणापासून त्यानं मूस पाहिली नव्हती.

त्यानंतर मी बोललेच नाही. रुसवा नव्हता तो. ओरडून सांगण्याएवढं मोठं काही नव्हतं, एवढंच. माझं बोलणं सगळं बारीकसारीक असतं. ते घर बघ, ढग बघ, जेवायला काय करूया. असलं काही ओरडून बोलता येत नाही.

खिंडीच्या माथ्यावर थांबायला जागा आहे. मी इंजिन बंद केलं. वारा होता, बाकी कसलाच आवाज नव्हता. लेलंड समोरच्या काचेतून बघत बसला होता.

"अठरा मैल झाले," तो म्हणाला.

"कशाला?"

"तू एक शब्द बोलली नाहीस त्याला. मी मोजत होतो. चव्वेचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं." मग म्हणाला, "म्हणून हवीये ना तुला डिझेल? माझ्या कानांसाठी?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "तुझ्या कानांसाठी नाही," मी म्हटलं. "माझ्या तोंडासाठी. मला वर्षातले चार महिने मुकं बसायचं नाहीये. आता तू सांग. पेट्रोल कशासाठी?"

तो माझ्याकडे वळला. मग शर्टाच्या खिशावर दोन बोटं आपटून म्हणाला, "यासाठी." आदल्या वर्षीच त्याच्या हृदयाच्या नळ्यांमध्ये दोन स्टेंट बसवले होते. "मार्लिस, मी जिवंत असेन तोवर कुठलंही डिझेल चालू ठेवीन. पण कुठेतरी वाळवंटात मीच बंद पडलो तर? तू एकटी, आणि मागे ते अजस्र धूड. ते काय दुखतंय म्हणतं हे तुला कोण सांगणार? पेट्रोल गाडी असली तर कुणीतरी डेल्बर्ट भेटेल आणि तू घरी येशील. मला फक्त तू घरी यायला हवी आहेस."

मला रडू आलं असतं, पण त्याआधी राग आला.

"लेलंड हाग्लुंड, एकतीस वर्षं मी साठ-साठ पोरं घेऊन हिमवादळातून बस आणली. एकाही पोराचा नखभर तुकडा कमी आणला नाही. आणि तुला वाटतं मला फिल्टर बदलता येणार नाही?"

"तुला येणार नाही असं मी म्हटलं नाही. तुला येत नाही असं म्हटलं."

"मग शिकव ना! चव्वेचाळीस वर्षांत एकदा तरी त्या शेडमध्ये बोलावलंस का मला?"

 हे त्याच्या खरंच डोक्यात आलं नव्हतं. तो हसायला लागला. हसता हसता त्याच्या कानातलं एक यंत्र शिट्टी वाजवायला लागलं, तशी मीही हसले.

भाचीच्या लग्नात त्यानं तीन नाच माझ्याबरोबर केले. परत येताना तो रोज एक अट घालत होता. तेल, पाणी, पट्टे, फिल्टर हे सगळं मला स्वतःच्या हातानं करता आलं पाहिजे. तो खिशात हात घालून उभा राहणार, मध्ये बोलणार नाही. मी पास झाले तर डिझेल. मी म्हटलं, "आणि मी नापास झाले तर?"

"तर पुन्हा परीक्षा. घाई काय आहे?"

म्हणजे निकाल तिथेच लागला होता.

एप्रिलमध्ये, परीक्षेच्या आधीच, गहू पिकवणाऱ्या एका निवृत्त शेतकऱ्याची पस्तीस फुटी डिझेल मिळाली. पंधरा वर्षं जुनी होती, पण नीट वापरलेली. लेलंडनं ती तीन तास तपासली. डोळे मिटून इंजिनावर तळहात ठेवून उभा राहिला, जसं लोक गाईच्या पोटावर हात ठेवून वासरू कुठे आहे ते बघतात. ऑर्विल बरोबर आला होता. तो म्हणाला, "मी सगळ्यांना सांगितलं होतं, शेवटी डिझेलच घेणार."

"ही माझी नाही," लेलंड म्हणाला. "हिची आहे. मी प्रवासी."

तो अख्खा उन्हाळा मी शेडमध्ये काढला. पहिल्यांदा फिल्टर काढला तेव्हा डिझेल कोपरापर्यंत ओघळलं, बाहीतून काखेत. लेलंड खिशात हात घालून उभा होता आणि न बोलण्याच्या कष्टानं त्याचा चेहरा लाल झाला होता. दुसऱ्यांदा कमी सांडलं. फिल्टर बदलला की नळीत शिरलेली हवा हातपंपानं काढावी लागते. पंप दाबत राहायचं, तो घट्ट होईपर्यंत. हे मी इतक्या वेळा केलं की अंगठ्याला घट्टा पडला. ऑगस्टमध्ये एका सकाळी मी पूर्ण सर्व्हिसिंग एकटीनं केली आणि किल्ली फिरवली. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं.  लेलंड घरात गेला आणि त्याच्या पान्यांचा जुना संच, ज्याला आमचा मुलगासुद्धा हात लावू शकत नव्हता, तो आणून गाडीच्या खणात ठेवला.

त्या हिवाळ्यात आम्ही टेक्ससच्या किनाऱ्यावर राहिलो. पेलिकन बघितले, कोळंबी खाल्ली. जाताना वाटेत मी बोलत होते आणि तो उत्तरं देत होता. कधी चुकीची द्यायचा, पण ती ऐकू न आल्यामुळे नव्हे.

मार्चमध्ये परत निघालो. ओक्लाहोमात लेलंडला ताप भरला. डॉक्टरांनी फ्लू सांगितला, औषध दिलं आणि विश्रांती घ्या म्हणाले. मी त्याला मागच्या पलंगावर झोपवलं आणि हळूहळू उत्तरेकडे निघाले. कॅन्ससमध्ये एका रात्रीत थंडी कोसळली, शून्याखाली अठरा अंशांपर्यंत. सकाळी निघालो तेव्हा आकाश निरभ्र होतं. दहा मैलांवर गाडीची ताकद कमी व्हायला लागली. पाय दाबला तरी वेग वाढेना. मग इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. मी गाडी रस्त्याकडेला उभी केली आणि धोक्याचे दिवे लावले.

मी घाबरले का? नाही. कारण काय झालंय ते मला कळलं होतं. टाकी मी किनाऱ्यावर भरली होती. तिकडच्या उबेतलं डिझेल अशा थंडीत टिकत नाही. त्यातलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबवतं. लेलंडनं मला हे मेणबत्ती हातात धरून समजावलं होतं. त्याची चूक नव्हती, इंजिनाचीही नव्हती. चूक माझी होती. निघण्याआधी डिझेल गोठू न देणाऱ्या औषधाची बाटली टाकीत ओतायला हवी होती आणि मी ती विसरले होते.

लेलंड पलंगावर उठून बसला. डोळे तापानं लाल. "मी येतो," म्हणाला.

"तू कुठेही येणार नाहीस. पांघरूण घे."

"मार्लिस, बाहेर अठरा..."

"माहीत आहे किती आहे ते. मीच सांगितलं तुला सकाळी."

मी त्याचा जाड कोट चढवला, नवा फिल्टर आणि औषधाची बाटली घेतली आणि मागे गेले. औषध टाकीत ओतलं. ते आणि नवा फिल्टर, एवढ्यावर भागणार नव्हतं. मेण वितळायला जरा ऊबही हवी होती. म्हणून गाडीतल्या गॅसवर चालणाऱ्या जनरेटरवर केस वाळवायचं यंत्र लावलं आणि फिल्टरपाशी येणाऱ्या नळीवर वीस मिनिटं धरून उभी राहिले. जाणारे ट्रकवाले वेग कमी करून बघत होते. एकजण थांबलाही. दाढीवाला, चांगला माणूस.

"काही मदत, मॅडम?"

"केस वाळवतेय," मी म्हटलं.

तो हसला, पण गेला नाही. वारा माझ्या पाठीवर येऊ नये म्हणून ट्रक आडवा लावून उभा राहिला. मी जुना फिल्टर काढला, तर आत पांढरं घट्ट दह्यासारखं भरलेलं होतं. नवा बसवला आणि हातपंप दाबायला लागले. बोटं बधिर झाली होती, पण अंगठ्याला सगळं पाठ होतं. साठाव्या की सत्तराव्या दाबाला पंप घट्ट झाला. पुढे येऊन मी किल्ली फिरवली. इंजिन लागलं, धडधडलं, मेल्यासारखं झालं आणि पुन्हा सावरलं. ट्रकवाल्यानं दोनदा भोंगा वाजवला आणि निघून गेला.

मागून लेलंडची हाक आली. मी धावत गेले. तो पालथा पडला होता आणि गादी बाजूला सारून खालच्या फळीवर त्यानं तळहात टेकवला होता. इंजिन बरोबर त्याच्या खाली होतं.

"अजून दोन मिनिटं थांब," तो म्हणाला. "एक सिलिंडर अजून नीट उचलत नाहीये... हां. आता उचलला. आता सगळे लागले."

"आणखी काही?"

"हात धू. डिझेलचा वास येतोय तुझ्या अंगाला."

पुढच्या गावात मी हिवाळ्याचं डिझेल भरलं आणि दोन दिवस मुक्काम केला. कोंबडीचं सूप केलं, त्याचा ताप उतरला. तिसऱ्या दिवशी नेब्रास्काच्या हद्दीत शिरलो. तो माझ्या शेजारी येऊन बसला होता, पांघरूण गुंडाळून. मी त्याला सांगत होते, की उद्या घरी पोचल्यावर आधी नळ उघडायचे, मग ऑर्विलकडे ठेवलेला आपला कुत्रा आणायचा, आणि पुढच्या वर्षी टेक्सस नको, ॲरिझोनाला जाऊ.

"चालेल," तो म्हणाला. "पण तिकडे डोंगर आहेत. ब्रेकचे पॅड बघायला लागतील. सवड आहे का तुला जूनमध्ये?"

"जूनमध्ये बाग आहे," मी म्हटलं. "जुलैत करीन."